बर्फाची बाटली आणि चाराचा आकडा

ठक! ठक! ठक!

“हा माणूस बाटली फोडतोय की पायरी?” कप्तानने विचारलं.

दवाखान्याच्या पायरीवर कंपाउंडरकाका उकिडवे बसले होते. हातात लिटरभराची उंच निळी बाटली होती. ती ते पायरीच्या कडेवर आपटत, वर धरून एक डोळा मिटून आत बघत आणि पुन्हा आपटत. शेवटी त्यांनी बाटली तोंडाला लावली. दोन थेंब नाकावर पडले. बाकीचा बर्फ आतच बसून राहिला.

“काका, चमचा आणू का?” चिंगी म्हणाली.

“आगाऊपणा नको! काम काय आहे ते सांगा.”

“आईने विचारलंय, उद्या लस टोचायला किती वाजता यायचं? आमच्या बाळाचं डांग्या खोकल्याचं पहिलं इंजेक्शन आहे. दोन महिन्यांचा झाला तो.”

“दहाला. सिस्टर दहाला येतात. पळा आता!”

पण तिसरा गडी पळायला तयार नव्हता. तो खिडकीच्या गजांना नाक लावून उभा होता. त्याचं घरातलं नाव शंकासुर. सरळ सांगितलेली गोष्ट त्याच्या गळी कधी उतरायचीच नाही. कप्तान त्याची मोठी बहीण, तेरा वर्षांची. शाळेत धावण्याच्या संघाची कप्तान होती आणि घरीही सगळ्यांना धावायला लावायची. चिंगी त्यांची मावसबहीण, दहा वर्षांची, आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. तिघंही सुट्टीला मामाकडे आली होती.

“चल रे!” कप्तानने त्याचा शर्ट ओढला.

“थांब! ती वही बघ. टेबलावरची.”

खिडकीला लागून टेबल होतं. त्यावर एक लांबडी वही उघडी पडली होती. टेबलापलीकडे लशींचा पांढरा फ्रीज. वहीच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘फ्रीजचे तापमान’. खाली दोन रकाने होते, सकाळ आणि संध्याकाळ.

“काल चार, चार. परवा चार, चार. आज चार, चार,” शंकासुर पुटपुटला.

“मग? शिस्तीचा फ्रीज आहे.”

“ताई, आज संध्याकाळ झाली?”

कप्तानने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होते. ऊन डोक्यावर चढत होतं. आणि संध्याकाळच्या रकान्यात निळ्या शाईचा चार केव्हाच येऊन बसला होता!

“अजून एक,” शंकासुर म्हणाला. “पाणी शून्य अंशावर गोठतं. चार अंशांवर बर्फ कसा होईल?”

“अजून इथेच?” काका बाटली उगारून उठले आणि तिघांनी जी धूम ठोकली ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी येऊनच थांबली.

“बर्फ घरून आणत असतील,” कप्तान धापा टाकत म्हणाली.

“मग सकाळीच फोडून आणला असता ना! इथे येऊन कशाला आपटतील?” चिंगी म्हणाली. “ते बाटली फ्रीजमध्येच ठेवतात. काल मी बघितलं, दार उघडं होतं. लशींच्या खोक्यांना खेटून निळी बाटली!”

शंकासुराने डोकं खाजवलं. “म्हणजे बाटली गोठली, तर शेजारची लसही गोठली. गोठलेली लस चालते का?”

कोणालाच माहीत नव्हतं. जिला माहीत असतं ती आता नव्हती.

ती म्हणजे मामी. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्या दवाखान्याची सिस्टर मामीच होती. हिवाळ्यात ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. तिच्या जागी आलेल्या सिस्टरकडे दोन दवाखाने होते. आठवड्यातून दोनच दिवस त्या इथे यायच्या. फ्रीजची वही कंपाउंडरकाकांकडे गेली होती.

मामा घरीच होता. तो फ्रीज दुरुस्त करायचा. म्हणजे पूर्वी करायचा. आता त्याची हत्यारांची लोखंडी पेटी खाटेखाली होती आणि तिच्यावर मुलांच्या चपला ठेवलेल्या असत. मामा दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जायचा. पंखा लावायचा, बंद करायचा. चहा करायचा आणि प्यायला विसरायचा. “मामाला त्रास द्यायचा नाही,” असं मावशीने, म्हणजे चिंगीच्या आईने, पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मावशी बाळाला मांडीवर थोपटत होती. बाळ झोपत नव्हतं. भिंतीपलीकडून शेजारचा तीन वर्षांचा मुलगा खोकत होता. खोकला सुरू झाला की थांबायचाच नाही. एकावर एक, एकावर एक, आणि शेवटी श्वास आत ओढताना लांब ‘हूऽऽप’ असा आवाज. मग ओकारी. मग त्याच्या आईचं “झालं, झालं राजा” ऐकू यायचं.

प्रत्येक वेळी मावशीचा हात बाळाच्या पाठीवर थबकायचा.

“डांग्या खोकला आहे,” ती म्हणाली. “मोठी मुलं निभावून नेतात. एवढ्याशा बाळांना श्वासच पुरत नाही. उद्याचं इंजेक्शन एकदा होऊ दे, मग माझ्या जिवाला शांतता.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“मावशी, ती लस बिघडलेली असेल तर?” कप्तानने विचारलं.

“असं अभद्र काय बोलतेस? कंपाउंडर पंधरा वर्षं तिथे आहेत. त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं?”

“पण ते संध्याकाळचा आकडा सकाळीच लिहितात!” चिंगी ओरडली.

“हळू! आत्ता कुठे डोळा लागतोय त्याचा.”

तेवढ्यात मामा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. शंकासुर त्याच्यामागे गेला.

“मामा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाणी गोठतं का?”

“नाही गोठत. गोठलं तर गारव्याचं बटण चुकीच्या आकड्यावर आहे.”

“दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये…”

मामाने पेला खाली ठेवला. “त्या दवाखान्याचं नाव माझ्यासमोर काढू नका.” आणि तो बाहेर गेला. पेला तसाच भरलेला राहिला.

शंकासुर तिथेच उभा राहिला. समोर भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं. ते कोणी काढलं नव्हतं. प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने दोन बारीक आकडे होते. चार, सहा. साडेतीन, पाच. पाच, साडेपाच. शेवटच्या महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत आकडे होते. पुढे काही नव्हतं.

“ताई! चिंगी! इकडे या!”

तिघं कॅलेंडरसमोर उभी राहिली.

“मामीचं अक्षर,” कप्तान हळूच म्हणाली.

“दोन आकडे. सकाळ आणि संध्याकाळ,” शंकासुर म्हणाला. “तिचे आकडे सारखे बदलतात. काकांचे का बदलत नाहीत?”

“कारण ते बघतच नाहीत!” चिंगी म्हणाली.

“हे आपल्याला माहीत आहे. पटवायचं कसं?” कप्तान येरझाऱ्या घालू लागली. “ते म्हणतील बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती, वर. तिथे गोठणारच. संपलं!”

“मग बर्फाचा कप्पा मोजू या,” शंकासुर म्हणाला.

कप्तान थांबली. “शाबास! आणि बाटली आपणच भरू.”

दुपारी बारा वाजता चिंगी दवाखान्यात हजर झाली, इतकी गोड हसत की कोणालाही संशय यावा.

“काका, सकाळी चुकलं माझं. तुमची बाटली भरून देऊ? किती ऊन आहे ना!”

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाहेरच्या नळापर्यंत उन्हातून जायचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. “बरं. काठोकाठ भर. आणि नळाजवळच्या ब्लीचिंग पावडरच्या डब्याला हात लावू नकोस.”

चिंगीने बाटली भरली. नळाचं पाणी चांगलं कोमट होतं. परत आली आणि म्हणाली, “मीच ठेवते ना आत!”

“नको, नको. लशी असतात तिथे.” काकांनी स्वतः फ्रीज उघडला, मधल्या फळीवरची दोन खोकी कोपराने सरकवली आणि बाटली मधोमध उभी केली.

त्याच वेळी दारातून कप्तानचा आवाज आला. “काका! तुमच्या सायकलवर बघा कोण बसलंय!”

सायकलवर शेजारची बकरी पुढचे पाय ठेवून उभी होती आणि सीटचं कव्हर खात होती. ती तिथे आपण होऊन आली नव्हती, पण ते काकांना कशाला सांगा! काका ओरडत बाहेर धावले. दाराआडून शंकासुर आत शिरला, फ्रीज उघडून वरच्या कप्प्याला वीत लावली आणि दार घट्ट बंद केलं. सगळं मिळून चार श्वास.

“एक वीत आणि दोन बोटं,” गल्लीत आल्यावर तो म्हणाला. “बाटली दोन विती आहे. आडवी घालायला जागा नाही, आत बर्फाच्या चपट्या डब्या खच्चून भरल्यात.”

“आणि मधल्या फळीवर?”

“मागच्या भिंतीवर बर्फाचा जाड थर. हात लावला तर बोट चिकटलं.”

पाच वाजता चिंगी पुन्हा गेली. बाटलीत कडेने पांढरा बर्फ धरला होता. काका ती आपटत होते. ठक! ठक!

“काका, ही गोठायला लागली! म्हणजे लस…”

“लस गारच ठेवायची असते, शहाणे! जास्त गार, जास्त चांगली. मोठ्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही. पुन्हा दिसलीस तर तुझ्या आईला सांगेन.”

आईला तर चिंगीनेच सांगितलं. आईने ऐकून घेतलं. पण तेवढ्यात शेजारचा खोकला सुरू झाला आणि ती उठून खिडक्या लावायला गेली. “उद्या सिस्टरना विचारू हं,” एवढंच म्हणाली. हे ‘हं’ कसलं असतं ते मुलांना चांगलं माहीत होतं.

सकाळी आठ वाजता तिघं मामासमोर जाऊन उभी राहिली. मामा चहाचा थंड झालेला कप हातात धरून बसला होता.

“मामा, रागव हवं तर,” कप्तान म्हणाली. “पण एवढं सांग. मामीचे आकडे का बदलायचे?”

मामाने वर बघितलं. मुलांना वाटलं आता ओरडा बसणार.

“दार उघडलं की काटा चढतो,” तो म्हणाला. “वीज गेली की चढतो. पहाटे उतरतो. खरा आकडा एका जागी बसत नाही. दोन ते आठच्या मध्ये हिंडत असतो.”

“आणि रोज चारच आला तर?”

“तर कोणी बघितलेलंच नाही.”

मग तो आपणच बोलू लागला. “रविवारीसुद्धा जायची ती. जेवण वाढून ठेवायची आणि म्हणायची, काटा बघून येते. मी म्हणायचो, त्या फ्रीजशीच लग्न करायचं होतंस. तो बिघडला म्हणून तर मी पहिल्यांदा तिथे गेलो होतो. तेव्हा माझ्या डोक्यावर उभी होती. म्हणे, शून्याखाली जाऊ देऊ नका, गोठलेली लस परत पातळ झाली तरी मेलेली असते. दिसायला सारखीच. टोचली तर दुखतं तेवढं, उपयोग काही नाही.”

“मामा,” चिंगीचा आवाज एकदम लहान झाला, “दिसायला सारखीच असेल, तर आमच्या बाळाला कोण सांगणार?”

मामाने कप खाली ठेवला. मुलं वाट बघत राहिली. घड्याळात साडेआठ झाले, नऊ झाले. मामा उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

“चला,” कप्तान म्हणाली. “आपण तिघंच.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात वीस-बावीस आया बाळं घेऊन बसल्या होत्या. कोणी रडत होतं, कोणी दूध ओकत होतं. मावशीही रांगेत होती. सिस्टर स्कूटरवरून आल्या, निळी पेटी खांद्याला, कपाळावर घाम. घाईघाईने हात धुतले, वही पुढे ओढली, चाराखाली सही केली.

“पहिलं बाळ!”

“सिस्टर, थांबा!” कप्तान दारात आडवी उभी राहिली. “लस गोठलेली आहे!”

व्हरांडा गप्प झाला. बाळंसुद्धा.

“कोण ही पोरं?” काका लालेलाल झाले. “कालपासून पिच्छा पुरवलाय! बर्फ झाला तो माझ्या बाटलीत. वरच्या कप्प्यात ठेवली होती मी. वर बर्फ होणारच!”

“हो का?” शंकासुर म्हणाला. “मग आत्ता ठेवून दाखवा.”

“काय?”

“बाटली. वरच्या कप्प्यात. एकदाच.”

सिस्टरनी काकांकडे बघितलं. काकांनी बाटली उभी घातली. बाहेर राहिली. आडवी घातली. डब्यांना अडकली. तिरकी घातली. दार लागेना. मागून एक आजी म्हणाल्या, “अहो, आता तिचे पाय दुमडा!” आणि सगळ्या आया हसल्या.

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. “आतला थर्मामीटर कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

काका खोकी हलवू लागले. “इथेच होता… बाईंच्या वेळी इथेच…”

“मागच्या बर्फात असेल. बाजूला व्हा.”

दारात मामा उभा होता. हातात लोखंडी पेटी होती. तिच्यावर अजून चिंगीच्या चपलेची धूळ होती. उंबऱ्याशी तो जरा थांबला. मग आत आला आणि फ्रीजसमोर गुडघ्यावर बसला. मागच्या भिंतीवरचा थर त्याने प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने सोलून काढला. बर्फातून काचेचा थर्मामीटर निघाला. मामाने तो वाचला आणि सिस्टरच्या हातात दिला.

“उणे दोन,” सिस्टर वाचून म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला.

“बटण सातवर आहे,” मामा म्हणाला. “तीनवर असायचं. आकडा वाढवला की गारवा वाढतो. हे कोणी फिरवलं?”

काका भिंतीला टेकले. “ऊन वाढलं… पाणी गार होईना. पंधरा दिवस झाले. मला वाटलं, लशीलाही बरंच.”

“आणि वही?”

“बाईंच्या वहीत चार-पाच असंच असायचं, म्हणून मी चार लिहीत होतो. बाईंचं कधी चुकायचं नाही.”

मामा त्यांच्याकडे वळला. “तिचं चुकायचं नाही, कारण ती बघायची,” तो म्हणाला.

सिस्टरनी लशीची एक बाटली फ्रीजमधली घेतली; दाराच्या उघडझापीने ती आता पातळच दिसत होती. दुसरी स्वतःच्या पेटीतली, मुख्य भांडारातून सकाळीच आणलेली. लस एकाच खेपेची. दोन्ही जोरजोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही दुधट दिसत होत्या.

“आता पंधरा मिनिटं. एकदा गोठून गेलेली लस लवकर खाली बसते. कोणी टेबलाला धक्का लावायचा नाही.”

ती पंधरा मिनिटं संपता संपेनात! चिंगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मावशीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. कप्तान नखं खात होती. शंकासुर तर टेबलाच्या कडेला हनुवटी लावून बसला होता आणि त्याला स्वतःचीच शंका यायला लागली होती. आपलं चुकलं असेल तर?

“बघा!” तो किंचाळला.

फ्रीजमधल्या बाटलीत पांढरे कण खाली बसत होते. वर स्वच्छ पाणी दिसू लागलं होतं. पेटीतली बाटली अजून तशीच दुधट होती.

“गोठलेली,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “काही लशींना गोठण्याने काही होत नाही. पण ही वाया गेली. गेल्या पंधरा दिवसांत मी एकोणीस बाळांना हीच टोचली. आणि वहीवर सही माझी आहे. मी न बघता केली.”

मावशीने बाळाला घट्ट धरलं. कोणीतरी विचारलं, “म्हणजे त्यांना पुन्हा?”

“हो, पुन्हा द्यावी लागणार. त्या सगळ्यांना शोधून आणायला हवं.”

“नावं द्या!” कप्तान म्हणाली. पाय तर तिचे कधीचेच निघाले होते.

सिस्टरनी भांडारात फोन लावला आणि यादी लिहून दिली. मग सुरू झाली पळापळ! कप्तान नदीकडची घरं, चिंगी बाजार, शंकासुर कारखान्यामागची वस्ती. “बाळाला परत आणा! इंजेक्शन परत द्यायचंय! नाही, बाळाचं काही चुकलं नाही!” चिंगीच्या मागे एका घरी कुत्रं लागलं. शंकासुराला एका बाबाने उलट दहा शंका विचारल्या आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की शंकेखोर माणसापुढे किती दमायला होतं. काकाही स्वस्थ बसले नाहीत. अर्धं कव्हर गेलेल्या सायकलवर बसून लांबची पाच घरं त्यांनी गाठली आणि प्रत्येक दारात स्वतःची चूक सांगितली.

दोन वाजता मोठे डॉक्टर नवी लस घेऊन गाडीतून आले. मामाने तोवर फ्रीज रिकामा करून धुऊन पुसून लावला होता. नवी लस डॉक्टरांच्या पेटीतूनच द्यायचं ठरलं. चिंगीच्या भावाला सुई टोचली आणि त्याने असा टाहो फोडला की भिंतीवरची पाल पळाली.

“रड बाळा, रड,” मावशी हसत डोळे पुसत म्हणाली. “ही खरी आहे.”

चारपर्यंत एकोणीसपैकी अठरा बाळं परत आली. एकोणिसावं आजोळी गेलं होतं. तिथल्या दवाखान्यात सिस्टरनी फोन केला.

“रोगाला अडवायचं काम असंच असतं,” डॉक्टर तिघांना म्हणाले. “काही घडलं नाही, की कोणाला दिसतही नाही. तुम्हाला दिसलं! आम्ही मोठ्यांनी वही वाचली, तुम्ही बाटली बघितलीत. शाबास!”

“बकरीचाही वाटा आहे,” चिंगी म्हणाली.

“कोणती बकरी?” काकांनी एकदम मान वर केली. कप्तानने चिंगीच्या पायावर पाय दिला.

मावशीने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. “मी ऐकायला हवं होतं रे,” ती म्हणाली. यावेळी तिच्या बोलण्यात ‘हं’ नव्हतं.

पाच वाजता मामाने फ्रीज उघडला. “चिंगे, तुझे डोळे चांगले आहेत. वाच.”

“साडेपाच अंश!”

“मग तेच लिही.”

काकांनी निमूट पेन पुढे केलं. त्यांची बाटली आता खिडकीत होती, ओलं फडकं गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी मुलं उठली तेव्हा मामा घरात नव्हता. खाटेखाली पेटीही नव्हती. चपला जमिनीवर एका ओळीत लावलेल्या होत्या. स्वयंपाकघरात जुन्या कॅलेंडरशेजारी दुसरा खिळा ठोकलेला होता आणि त्यावर या वर्षीचं नवं कॅलेंडर लटकत होतं.

“अरे, बघा!” शंकासुर म्हणाला.

आजच्या तारखेखाली पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता. अक्षर जाडंभरडं होतं, मामाचं. साडेतीन. त्याच्या शेजारची जागा मामाने कोरी सोडली होती. संध्याकाळ अजून व्हायची होती.